टोकन पाठवताना फी का लागते आणि ती कमी कशी करायची

इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कवर पन्नास यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं टोकन) पाठवा नाहीतर पन्नास हजार, नेटवर्क फी सारखीच लागते. नव्याने क्रिप्टोत आलेल्याला हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याला सवय टक्क्यांची. दलालाचा टक्का, बँकेचं कमिशन, परदेशातून पैसे पाठवणाऱ्या कंपनीने दरात मारलेला फरक, सगळं रकमेवर ठरतं. ब्लॉकचेनला रकमेशी काही देणंघेणं नाही. तुमच्या व्यवहाराने ब्लॉकमध्ये किती जागा अडवली आणि नेटवर्कवरच्या संगणकांना किती काम करावं लागलं, त्याचे पैसे लागतात. म्हणून छोट्या रकमेला फी टोचते, मोठ्या रकमेला जाणवतही नाही.

म्हणूनच फी वाचवायची म्हटल्यावर 'कधी पाठवू' याच्या आधी 'कुठल्या नेटवर्कवरून पाठवू' हे विचारायला हवं. लोक गॅसचा, म्हणजे नेटवर्क फीच्या दराचा, आकडा उतरायची वाट बघत बसतात आणि नेटवर्क मात्र सवयीने तेच जुनं निवडतात. खालची उदाहरणं मुख्यतः यूएसडीटी आणि यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या टोकनांची आहेत. इतर टोकनांनाही हाच हिशेब लागू पडतो.

## पहिली पायरी: कापलेले पैसे कुणाकडे गेले ते बघा

'फी फार लागली' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, पैसे एक्स्चेंजवरून (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीकडून) काढले होते की स्वतःच्या वॉलेटमधून (ज्याची किल्ली आपल्याकडेच असते) पाठवले होते? दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे.

एक्स्चेंजवरून टोकन बाहेर काढताना जी रक्कम दिसते ती बहुधा एक्स्चेंजनेच ठरवलेली ठोक फी असते. त्यातले प्रत्यक्ष नेटवर्कला किती गेले, याच्याशी तिचा संबंध सैलच. एक्स्चेंज एकाच व्यवहारात अनेकांचे पैसे पाठवून स्वतःचा खर्च कमी करू शकतं, तुमची फी मात्र ठरलेली तेवढीच. भारतीय एक्स्चेंज असेल तर त्यांच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटीही येतो. इथे गॅस उतरायची वाट बघून काही साधत नाही. पैसे वाचतात ते दोन गोष्टींनी. एक, काढण्याच्या पानावर नेटवर्क बदलून प्रत्येकाची फी बघणं. दोन, चार वेळा थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच काढणं. आणि समोरच्याचं खातं त्याच एक्स्चेंजवर असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर आतल्या आत पाठवायला फी लागत नाही, कारण ब्लॉकचेनपर्यंत काही जातच नाही. त्यांच्या हिशेबात फक्त आकडा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो.

स्वतःच्या वॉलेटमधून पाठवताना लागते ती खरी नेटवर्क फी. ती त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात द्यावी लागते: इथेरियम, आर्बिट्रम आणि बेसवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स, बीएनबी चेनवर बीएनबी, पॉलिगॉनवर पीओएल, सोलानावर सोल. वॉलेटमध्ये हजार यूएसडीटी आहेत, पण टीआरएक्स शून्य, म्हणून ते जागचे हलत नाहीत, ही नवख्यांची नेहमीची अडचण. मग घाईघाईने वॉलेटमधल्याच बटणावरून नाणं विकत घेतलं जातं, आणि दरातला फरक, सेवाशुल्क असं धरून फीपेक्षा जास्त पैसे तिथेच जातात. मेटामास्क या वॉलेटच्या स्वॅपमध्ये (एक टोकन देऊन दुसरं घेताना) त्यांचा वाटा ०.८७५ टक्के असतो, गॅस वेगळा. एक्स्चेंजवरून टोकन काढतानाच थोडं मूळ नाणंही काढून ठेवलं की ही वेळ येत नाही.

## दुसरी पायरी: इथेरियमचा हिशेब एकदा हाताने करून बघा

इथेरियमवर कामाचं माप म्हणजे गॅस. साधं इथर एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला २१,००० गॅस लागतो. टोकनाला जास्त, कारण तिथे टोकनाचं कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम) चालवावं लागतं आणि दोघांच्या शिलका बदलून लिहाव्या लागतात. यूएसडीटीला साधारण ४६,००० गॅस लागतो. घेणाऱ्याच्या पत्त्यावर आधी एकही यूएसडीटी नसेल तर साधारण ६३,०००. शून्याच्या जागी पहिल्यांदाच आकडा लिहिणं हे असलेला आकडा बदलण्यापेक्षा महाग आहे, म्हणून वरचे १७,०००. स्वॅप केलं तर गॅस लाखाच्या पुढे सहज जातो.

दर मोजतात ग्वेईमध्ये. एक इथर म्हणजे १०० कोटी ग्वेई. ५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून या दराचे दोन भाग झाले: बेस फी, जी नेटवर्क स्वतः ठरवतं आणि जाळून टाकतं, आणि प्रायोरिटी फी, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्या व्हॅलिडेटरला दिलेली टिप.

आता हिशेब. समजा बेस फी १० ग्वेई, टिप १ ग्वेई आणि इथरचा भाव अडीच लाख रुपये. ६३,००० गुणिले ११ म्हणजे ६,९३,००० ग्वेई, म्हणजेच ०.०००६९३ इथर, म्हणजे साधारण १७३ रुपये. हाच दर एकूण २ ग्वेई असेल तर तेच काम साडेएकतीस रुपयांत होतं, आणि ६० ग्वेई असेल तर ९४५ रुपये जातात. पाठवलेली रक्कम या गणितात कुठेच आली नाही.

पाठवून झाल्यावर इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर आपला व्यवहार उघडा आणि खालचा सविस्तर भाग उलगडा. तिथे एका ओळीत गॅसची मर्यादा आणि प्रत्यक्ष वापरलेला गॅस दिसतो, दुसऱ्या ओळीत बेस, कमाल आणि कमाल प्रायोरिटी असे तीन दर, आणि त्याखाली आगीच्या चिन्हापुढे किती इथर जळालं आणि तुम्ही कबूल केलेल्या कमाल रकमेतून किती वाचलं, ते. दोन-तीन व्यवहारांचे हे आकडे शेजारी ठेवून बघितले की वॉलेट दाखवतं ती 'कमाल फी' आणि खरोखर गेलेली फी यांतला फरक कळतो. वॉलेटमधला मोठा आकडा बघून घाबरून व्यवहार रद्द करणारे खूप असतात. तो आकडा वरची मर्यादा असतो, न लागलेलं परत तुमच्याकडेच राहतं.

गॅसची मर्यादा हाताने कमी करून फी वाचेल, असा एक गैरसमज आहे. न वापरलेल्या गॅसचे पैसे लागतच नाहीत. मर्यादा कमी ठेवली आणि काम अर्ध्यात थांबलं तर मात्र व्यवहार फसतो आणि तोवर वापरलेल्या गॅसचे पैसे जातात. ती मर्यादा वॉलेटला ठरवू द्या. हात लावायचाच तर दराला लावा.

## तिसरी पायरी: थांबण्यात अर्थ आहे का ते ठरवा

इथेरियमचा ब्लॉक दर १२ सेकंदांनी येतो. ब्लॉक पूर्ण भरला तर पुढच्या ब्लॉकची बेस फी जास्तीत जास्त १२.५ टक्के वाढते, रिकामा गेला तर तेवढीच उतरते. ओळीने सहा ब्लॉक भरले की दर दुप्पट. म्हणजे सव्वा मिनिटाचा खेळ. एखाद्या टोकनाच्या विक्रीवर झुंबड उडाली की दर असा डोळ्यांदेखत चढतो, आणि झुंबड ओसरली की तितक्याच वेगाने खाली येतो. २०२२ साली एप्रिल सरून मे लागताना अदरसाइड या आभासी जमिनींची विक्री झाली, तेव्हा दर हजारो ग्वेईंवर गेला. कित्येकांनी जमिनीइतकाच, काहींनी त्याहून जास्त गॅस भरला, आणि ज्यांचे व्यवहार फसले त्यांचाही गॅस गेला. विकणाऱ्या कंपनीने फसलेल्यांचे पैसे नंतर परत केले, पण अशी भरपाई मिळणं हा अपवाद आहे. त्या रात्री ज्यांना नुसतं टोकन पाठवायचं होतं त्यांनी काही तास थांबणं एवढंच पुरेसं होतं.

रोजच्या दिवशी वर्दळ अमेरिका-युरोपच्या कामाच्या वेळेला असते. भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसहानंतर मध्यरात्रीपर्यंत बाजार गरम, सकाळी सात ते अकरा निवांत, आणि रविवार सकाळ बहुधा सगळ्यांत स्वस्त. मराठी माणूस न्यू जर्सीत बसून पुण्याला पाठवत असेल तर त्याने हेच उलटं मोजावं: त्याची शनिवारची रात्र ती आपली रविवारची सकाळ.

पण फरक बघूनच थांबा. दर दोन-तीन ग्वेई असताना आणखी अर्धा ग्वेई उतरण्यासाठी दिवस घालवण्यात अर्थ नाही, तेवढ्यात सात-आठ रुपये वाचतील. इथेरियमने मायनिंग सोडलं त्या सप्टेंबर २०२२ च्या 'मर्ज' बदलानंतर फी कमी होईल अशी अफवा आपल्याकडे खूप चालली होती. त्या बदलाने वीज वाचली, फी नाही.

## चौथी पायरी: नेटवर्क निवडा, इथेच खरे पैसे आहेत

ट्रॉन आधी घेऊ, कारण 'यूएसडीटी म्हणजे टीआरसी-२०' (ट्रॉनवरच्या टोकनांचा प्रकार) हे समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ट्रॉन स्वस्त, ही समजूत जुन्या इथेरियमच्या तुलनेत खरी होती. आज ती तपासून घ्यावी लागते.

ट्रॉनवर दोन साधनं खर्च होतात: बँडविड्थ आणि एनर्जी. बँडविड्थ म्हणजे व्यवहाराचा आकार. ट्रॉनवर सुरू झालेल्या प्रत्येक खात्याला रोज ६०० एवढी फुकट मिळते आणि यूएसडीटी पाठवायला साधारण ३४५ लागते, म्हणजे दिवसाला एक व्यवहार त्यात बसतो. दुसऱ्या व्यवहाराला थोडं टीआरएक्स जळतं, पण ते किरकोळ. खरा खर्च एनर्जीचा, म्हणजे टोकनाचं कॉन्ट्रॅक्ट चालवायच्या कामाचा. घेणाऱ्याकडे आधीपासून यूएसडीटी असेल तर साधारण ६५,००० एनर्जी लागते, नसेल तर त्याच्या दुप्पट, साधारण १,३०,०००. एनर्जी जवळ नसेल तर तिच्या बदल्यात टीआरएक्स जाळलं जातं. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस हा दर कमी करून एका एनर्जीला १०० सन केला गेला. दहा लाख सन म्हणजे एक टीआरएक्स. म्हणजे एका व्यवहाराला साडेसहा किंवा तेरा टीआरएक्स. टीआरएक्स पंचवीस रुपयांना धरलं तर १६० ते ३२५ रुपये. वरच्या उदाहरणातलं दोन ग्वेईचं इथेरियम याहून स्वस्त पडलं होतं, हे लक्षात घ्या. 'मेननेट (मुख्य इथेरियम) महाग, ट्रॉन स्वस्त' असं न बघता म्हणणाऱ्याचे पैसे जातात.

ट्रॉनवरच पाठवायचं असेल तर वाचवायचे दोन मार्ग आहेत. वारंवार पाठवत असाल तर टीआरएक्स स्टेक करा, म्हणजे नेटवर्कवर अडकवून ठेवा. त्यावर एनर्जी मिळते आणि वापरली तरी चोवीस तासांत पुन्हा भरते. स्टेक काढल्यावर टीआरएक्स हातात यायला १४ दिवस लागतात आणि तोवर भाव पडू शकतो, हे धरून चाला. महिन्याला एखाददुसरा व्यवहार असेल तर एनर्जी भाड्याने घेणं परवडतं: दुसऱ्या कुणाची स्टेक केलेली एनर्जी तासाभरासाठी तुमच्या पत्त्याला दिली जाते आणि जाळण्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. भाड्याने देणाऱ्याला फक्त तुमचा पत्ता लागतो. सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द), खाजगी की किंवा टोकनावर 'अप्रूव्ह' (तुमची टोकनं हलवायची परवानगी) मागणारी साइट लगेच बंद करा.

आता इथेरियमची दुसऱ्या थरातली नेटवर्क: आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस. ही शेकडो व्यवहार एकत्र बांधून त्यांचा डेटा इथेरियमवर टाकतात. १३ मार्च २०२४ च्या डेन्कन अपग्रेडने या डेटासाठी ब्लॉब नावाची वेगळी, स्वस्त जागा दिली आणि तिथली फी एकदम घसरली. आज टोकन पाठवायला बहुतेक वेळा रुपया-दोन रुपये, कधी त्याहून कमी लागतात. यूएसडीसीसाठी मी बेस किंवा आर्बिट्रमच सुचवतो.

अडचण असते ती आत-बाहेर जाण्याची. मेननेटवरून ब्रिज करून, म्हणजे टोकन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेऊन, तिथे जायचं तर साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त गॅस मेननेटलाच द्यावा लागतो, मग वाचलं काय? त्यापेक्षा एक्स्चेंजवरूनच थेट आर्बिट्रम किंवा बेसवर काढा. परत येताना अधिकृत ब्रिजने मेननेटला यायला सात दिवस लागतात. घाई असेल तर ते नेटवर्क स्वीकारणाऱ्या एक्स्चेंजवर जमा करणं सोपं.

पॉलिगॉनचं मूळ आपल्या मुंबईत. मॅटिक नेटवर्क म्हणून ते २०१७ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या चाचणी नेटवर्कचं नावच बरीच वर्षं 'मुंबई' होतं. फी इथेही अगदी कमी. सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकच्या जागी पीओएल हे नाणं आलं, त्यामुळे जुन्या लेखांत 'मॅटिक ठेवा' असं दिसलं तर पीओएल समजा. पॉलिगॉन आणि आर्बिट्रमवर यूएसडीसी दोन प्रकारचं सापडतं, एक सर्कल कंपनीने थेट काढलेलं आणि दुसरं पूर्वी ब्रिजने आणलेलं, ज्याच्या नावापुढे टिंब आणि ई असतं. घेणारं एक्स्चेंज यांतलं कुठलं स्वीकारतं ते न बघता पाठवलं तर वाचवलेल्या फीच्या शंभर पट डोकेदुखी.

सोलानावर मूळ फी प्रत्येक सहीला ५,००० लॅमपोर्ट, म्हणजे ०.०००००५ सोल. तरी पहिल्यांदा एखाद्याला टोकन पाठवताना सुमारे ०.००२ सोल जास्त कापले जातात आणि लोक त्याला फी समजतात. ती घेणाऱ्याचं त्या टोकनाचं खातं उघडायची अनामत आहे. ते खातं रिकामं करून बंद केलं की ज्याचं खातं त्याला ती परत मिळते. तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये भेट म्हणून आलेल्या निरुपयोगी टोकनांची अशी खाती पडून असतील तर बंद करून बघा, बऱ्यापैकी सोल सुटतं.

## पाचवी पायरी: समोरच्याशी आधी बोला, मग चाचणी

घेणाऱ्याला 'पत्ता पाठव' एवढंच म्हणू नका. कुठलं टोकन, कुठलं नेटवर्क, आणि वॉलेट स्वतःचं की एक्स्चेंजचं, हे तिन्ही विचारा. इथेरियम, आर्बिट्रम, बेस, पॉलिगॉन आणि बीएनबी चेनवर पत्ता सारखाच दिसतो. घेणाऱ्याचं वॉलेट स्वतःचं असेल तर चुकीच्या नेटवर्कवर गेलेलं टोकन त्याला नेटवर्क बदलून मिळतं. एक्स्चेंजचा पत्ता असेल तर ते त्यांच्या मर्जीवर, आणि परत मिळवून द्यायचे पैसे वेगळे.

मोठ्या रकमेआधी छोटी चाचणी करताना फी दोनदा जाते, म्हणून बरेच जण ती टाळतात. इथे कंजुषी नको. शिवाय दुप्पट म्हणजे अगदी दुप्पट नसते: ट्रॉनवर नव्या पत्त्याला चाचणीचे तेरा टीआरएक्स लागले तरी मुख्य व्यवहाराला साडेसहाच लागतात, कारण तोवर त्याच्याकडे यूएसडीटी पोचलेले असतात.

चाचणीनंतर पत्ता इतिहासातून कॉपी करू नका. पहिली आणि शेवटची अक्षरं तुमच्या पत्त्यासारखीच असलेला पत्ता बनवून त्यावरून शून्य रकमेचे व्यवहार तुमच्या इतिहासात घुसवायचे, ही फसवणूक ट्रॉन-इथेरियमवर सर्रास चालते. पत्ता वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये नाव देऊन ठेवा.

## व्यवहार अडकला तर

कमाल दर फार कमी ठेवला तर इथेरियमवरचा व्यवहार लटकतो, आणि त्याच्यामागून पाठवलेलेही लटकतात, कारण प्रत्येकाला क्रमांक असतो आणि क्रम मोडता येत नाही. वॉलेटमधलं 'स्पीड अप' बटण तोच क्रमांक वापरून निदान दहा टक्के वाढीव दराने व्यवहार पुन्हा पाठवतं. रद्द करायचा असेल तर त्याच क्रमांकाने स्वतःलाच शून्य इथर पाठवलं जातं, त्याचा २१,००० गॅस मात्र लागतो. अडकलेला व्यवहार 'सोडवून देतो' म्हणणारा माणूस चोर असतो, अपवाद नाही.

त्याच जातीची आणखी एक युक्ती ट्रॉनवर आहे. कुणीतरी भोळेपणाने कॉमेंटमध्ये आपली सीड फ्रेज लिहितो आणि विचारतो, माझे यूएसडीटी कसे काढू? वॉलेट उघडून बघावं तर खरंच यूएसडीटी आहेत, टीआरएक्स तेवढं नाही. लोभापायी लोक फीपुरतं टीआरएक्स त्यात टाकतात. त्या वॉलेटच्या सहीचा अधिकार आधीच दुसऱ्या खात्याकडे दिलेला असतो. यूएसडीटी हलत नाहीत, तुमचं टीआरएक्स जातं.

## बिटकॉइनबद्दल थोडक्यात

बिटकॉइनला गॅस नाही, फी व्यवहाराच्या आकारावर लागते. तुमची शिलक म्हणजे खिशातल्या सुट्या नोटा-नाण्यांसारखी असते: दहा छोट्या रकमा मिळून एक मोठी द्यायची तर दहा तुकडे मोजून द्यावे लागतात आणि आकार वाढतो. बीसी१क्यू ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून एक तुकडा घेऊन दोन जागी पाठवायला साधारण १४१ व्हीबाइट (आकाराचं एकक) लागतात, १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरून २२६. नुसता पत्ता बदलून एवढा फरक पडतो. दर पडलेले असताना छोटे तुकडे स्वतःलाच पाठवून एकत्र करून ठेवावेत. २० एप्रिल २०२४ ला हाविंग (मायनरांचं बक्षीस निम्मं होणं) आणि रून्स (बिटकॉइनवर टोकनं काढायची पद्धत) एकाच ब्लॉकपासून सुरू झाले, तेव्हा सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती, आणि सुटे तुकडे घेऊन बसलेल्यांना ती सगळ्यांत जास्त लागली. दर बघायला मेमपूल डॉट स्पेस उघडा.

## कर आणि नोंदी

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून खरेदीच्या किमतीशिवाय दुसरी कुठलीही वजावट मिळत नाही. म्हणजे तुम्ही भरलेला गॅस हा खर्च म्हणून दाखवता येत नाही, तो खिशातूनच जातो. स्वतःच्याच दोन वॉलेटमध्ये टोकन हलवणं ही विक्री नव्हे, पण ती दोन्ही वॉलेट तुमचीच आहेत हे दाखवता आलं पाहिजे. इथरस्कॅन आणि ट्रॉनस्कॅन दोन्हीकडून पत्त्याची सीएसव्ही फाइल उतरवता येते. दर तिमाहीला ती उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे 'स्वतःचं', 'विक्री' किंवा 'अमक्याला दिले' एवढं लिहून ठेवा. मार्चअखेरीस सीएकडे हीच फाइल द्यायची आहे.